कोणाचा साहेब कोण? सोलापुरात नव्याने आलेल्यांसाठी राज्य सरकारची ओळख

ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. आमच्या सोसायटीत बदलीवर नवीन आलेल्या एका जोडप्याची या सुट्टीने चांगलीच फजिती केली. नवरा जिल्हा परिषदेत, बायको बँकेत. दोघांनी मिळून यात्रेतले नंदीध्वज पाहायला जायचं ठरवलं होतं. त्याला सुट्टी मिळाली, तिला नाही. खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "आमची सुट्टी कलेक्टर ठरवत नाहीत हो, आमचं कॅलेंडर हायकोर्टाकडून येतं." संध्याकाळी तो मुलगा माझ्याकडे आला. "काका, गाव एक, यात्रा एक, मग सुट्ट्या तीन तऱ्हेच्या कशा?"

मी त्याला सुट्टीच्या आदेशाची शेवटची ओळ वाचायला लावली. हा आदेश केंद्र सरकारची कार्यालयं, बँका आणि न्यायालयं यांना लागू नाही, अशा अर्थाची एक ओळ या आदेशांत बहुधा असतेच. एरवी ती कोणी वाचत नाही.

महसूल खात्यात कारकुनी करून मी निवृत्त झालो. टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण कागदाची नसायची, ती असायची चुकीच्या दाराची. म्हणून नवीन माणसाला मी दोनच प्रश्न शिकवतो. समोरच्या अधिकाऱ्याची बदली कोण करतं? आणि त्याने दिलेला आदेश कोण फिरवू शकतं? पाटीवर काहीही लिहिलेलं असो, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की साहेब कोणाचा कोण ते कळतं.

पायरी पहिली: केंद्राचं बाजूला काढा

हे काम पाच मिनिटांचं आहे. सोलापुरातलं रेल्वेचं विभागीय कार्यालय, टपाल, आयकर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, फताटेवाडीचा एनटीपीसीचा वीज प्रकल्प हे सगळं दिल्लीचं. यांच्या तक्रारी घेऊन आमदाराकडे गेलात तर तो चहा पाजेल, पत्र देईल, पण त्या पत्राचं वजन बेताचंच. तिथे खासदार बघायचा.

खासदारही नीट बघून घ्या. जिल्ह्यात सोलापूर आणि माढा असे दोन लोकसभा मतदारसंघ, पण बार्शीकरांचा खासदार या दोघांपैकी कोणीच नाही. बार्शी धाराशिव लोकसभा मतदारसंघात मोडते. उलट माढा मतदारसंघात साताऱ्याकडचे फलटण आणि माण येतात. बार्शीत भाड्याने घर घेतलेल्या माणसाने सोलापूरच्या खासदाराच्या दारात दिवस घालवलेला मी पाहिला आहे.

महावितरण आणि एसटी मात्र राज्याच्याच मालकीच्या. फक्त त्यांचा कारभार खात्यासारखा न चालता कंपनीसारखा आणि महामंडळासारखा चालतो. वर व्यवस्थापकीय संचालक, त्यांच्या वर त्या त्या खात्याचे मंत्री.

पायरी दुसरी: तीन अंगं पंढरपुरात पाहा

कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले हे शब्द परीक्षा संपली की डोक्यातून जातात. आपल्या जिल्ह्यात ते समजून घ्यायला विठ्ठल मंदिरासारखं उदाहरण नाही.

पंढरपूरच्या मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. भाविकांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा सरकारने नाडकर्णी आयोग नेमला. त्यानंतर विधिमंडळाने १९७३ साली पंढरपूर मंदिर अधिनियम केला आणि हे हक्क संपवले. हे पहिल्या अंगाचं काम. कायदा अमलात आणायचा, मंदिर समिती नेमायची, कार्यकारी अधिकारी बसवायचा, हे दुसऱ्या अंगाचं, म्हणजे ज्याला आपण बोलताना 'सरकार' म्हणतो त्याचं. मंदिराचा विषय मंत्रालयात विधी व न्याय विभागाकडे असतो. आणि हा कायदा घटनेला धरून आहे का, हे ठरवायचं काम तिसऱ्या अंगाचं. ते प्रकरण खालून वर चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०१४ मध्ये बडव्यांच्या विरोधात निकाली निघालं. कायदा १९७३ चा, शेवटचा शब्द २०१४ चा. मध्ये चाळीस वर्षं गेली. सरकारने कायदा केला म्हणजे विषय संपला, असं समजणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

त्याच मंदिरात आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात, शेजारी रांगेतून निवडलेलं मानाचं वारकरी जोडपं असतं. कार्तिकीला ही पूजा उपमुख्यमंत्री करतात. आता गंमत पाहा. उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाहीच. घटनेला माहीत आहेत ते मुख्यमंत्री आणि बाकीचे मंत्री. त्यामुळे २०२३ साली राज्याला उपमुख्यमंत्री दोन झाले, तेव्हा कार्तिकीची पूजा नेमकी कोणी करायची असा प्रश्न पंढरपुरात उभा राहिला होता. घटनेत उत्तर सापडणार कसं? तिथे तो शब्दच नाही.

पायरी तिसरी: आमदार कशासाठी असतो ते समजून घ्या

महाराष्ट्रात विधिमंडळाची दोन सभागृहं आहेत. विधानसभेत २८८ आमदार, पाच वर्षांसाठी, थेट तुमच्या-माझ्या मतांनी. प्रमुख असतात अध्यक्ष. विधान परिषदेत ७८ सदस्य, सहा वर्षांसाठी, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. तिथले प्रमुख सभापती. अध्यक्ष विधानसभेचे, सभापती परिषदेचे, ही गल्लत पत्रात करू नका. पत्र पोचतं, पण वाचणारा हसतो.

परिषदेचे ७८ कुठून येतात? ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ शिक्षक, ७ पदवीधर, आणि १२ राज्यपाल नेमतात. सोलापुरातल्या पदवीधराचं मत पुणे पदवीधर मतदारसंघात जातं. ही यादी विधानसभेच्या यादीहून वेगळी असते, प्रत्येक निवडणुकीला नव्याने करतात आणि नाव आपण होऊन नोंदवावं लागतं. पदवी घेऊन तीन वर्षं झालेली असावी लागतात. बदलून आलेल्या शंभर पदवीधरांपैकी दहांना तरी हे ठाऊक असतं का, मला शंका आहे.

जिल्ह्यात तालुके ११ आणि विधानसभा मतदारसंघही ११. म्हणून लोकांना वाटतं, तालुक्याला एक आमदार. तसं नाही. मंगळवेढा तालुका आहे, मंगळवेढा मतदारसंघ नाही. तो पंढरपूरला जोडलेला आहे. शहरात सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिणचा भाग असे तीन आमदार वाट्याला येतात, आणि रस्ता ओलांडला की आमदार बदलतो. तुमच्या मतदार ओळखपत्रावर मतदारसंघाचं नाव असतं, तेवढं पाहून ठेवा.

आमदाराकडून काय मागायचं? बहुतेक जण बदली, दाखला नाहीतर पोलिस स्टेशनला फोन मागतात. पण आमदाराचं खरं हत्यार सभागृहात असतं. तारांकित प्रश्न विचारला की संबंधित खात्याला लेखी उत्तर तयार करावं लागतं. मग मंत्रालयातून आयुक्तांना, आयुक्तांकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तहसीलला 'तात्काळ' असा शेरा मारून कागद सुटतात. मी अशा प्रश्नांची माहिती रात्री अकरापर्यंत बसून भरलेली आहे. सहा महिने हलली नाही ती फाईल त्या रात्री हलते. लक्षवेधी सूचना लागली तर मंत्र्याला उभं राहून निवेदनच करावं लागतं. तेव्हा आमदाराला भेटायला जाल तर अधिवेशनाच्या आधी जा आणि प्रश्न एका पानात लिहून न्या. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत भरतं, हिवाळी नागपुरात.

पायरी चौथी: सही कोणाची, नाव कोणाचं

आता कार्यकारी अंग. सगळ्यात वर राज्यपाल. त्यांना राष्ट्रपती नेमतात. राज्याचा सगळा कारभार घटनेने राज्यपालांच्या नावावर ठेवला आहे, पण तो चालतो मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. विधानसभेत ज्याच्या मागे बहुमत, म्हणजे १४५ आमदार, तो मुख्यमंत्री. मंत्री किती करायचे याला २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मर्यादा घातली: विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के. २८८ चे १५ टक्के काढा, मुख्यमंत्री धरून ४३ येतात. मंत्रिमंडळ विस्ताराच्या बातम्या वाचताना हा आकडा हाताशी असू द्या. अर्ध्या अफवा तिथेच गळून पडतात.

राज्यपालांशी सामान्य माणसाची गाठ एका ठिकाणी हमखास पडते. तुमच्या मुलीच्या पदवी प्रमाणपत्रामागे उभं असलेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, त्याचे कुलपती राज्यपाल असतात. कुलगुरू वेगळे, कुलपती वेगळे.

दुसरी गाठ शासन निर्णयात पडते. कोणताही शासन निर्णय, म्हणजे लोक ज्याला 'जीआर' म्हणतात तो, मोबाइलवर उघडा आणि माझ्याबरोबर वाचा. वर विभागाचं नाव आणि पत्ता: मादाम कामा मार्ग, हुतात्मा राजगुरू चौक, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२. त्याखाली 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी. ही यादी टाळू नका, कारण नवा निर्णय पुष्कळदा जुन्याचं एखादंच कलम बदलतो आणि बाकीचं तसंच ठेवतो. मग प्रस्तावना, मग खरा निर्णय. आणि खाली, सहीच्या वर: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. सही असते एखाद्या उप सचिवाची नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. तरी नाव त्यांचं, निर्णय मंत्र्याचा, सही उप सचिवाची. एका कागदावर तिघं. शेवटी 'प्रत' म्हणून कोणाकोणाला पाठवला त्याची यादी, आणि त्या यादीचा शेवटचा मानकरी 'निवडनस्ती'. म्हणजे कार्यालयाची जपून ठेवायची फाईल.

त्या 'प्रत' यादीत तुमच्या जिल्ह्यातला जो अधिकारी असेल, तुमचा अर्ज त्याच्याकडे. एवढ्यासाठी कोणाला शंभर रुपये देऊ नका.

आणि कागदांची उतरंड लक्षात घ्या. अधिनियम विधिमंडळ करतं. त्याखालचे नियम विभाग करतो आणि राजपत्रात छापतो. शासन निर्णय त्याच्या खाली, परिपत्रक त्याच्याही खाली. परिपत्रकाने अधिनियम बदलत नाही. खिडकीवरचा कर्मचारी "परिपत्रक आलंय, आता होत नाही" म्हणाला तर परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख विचारा. निम्म्या वेळा ते परिपत्रक सापडत नाही.

पायरी पाचवी: मंत्रालय ते जिल्हा, मधला जिना

विभागाचे राजकीय प्रमुख मंत्री, प्रशासकीय प्रमुख सचिव. सेवाज्येष्ठतेप्रमाणे त्यांना प्रधान सचिव किंवा अपर मुख्य सचिव म्हणतात. सगळ्या सचिवांच्या वर मुख्य सचिव. फाईल मात्र तळातून सुरू होते: सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव, सह सचिव, सचिव, आणि मग मंत्री. पैशाचा प्रश्न असला की वाटेत वित्त विभाग. 'फाईल वित्तला गेली' हे वाक्य ऐकलंत की घरी जाऊन भाकरी खा, आठवडाभर कोणाला फोन करू नका.

मंत्रालय धोरण ठरवतं. अंमलबजावणी आयुक्तालयं आणि संचालनालयं करतात, आणि त्यातली बरीचशी मुंबईत नसून पुण्यात आहेत: कृषी, सहकार, साखर, शिक्षण, समाजकल्याण, जमाबंदी, नोंदणी व मुद्रांक. उसाच्या बिलाची तक्रार घेऊन आपले शेतकरी पुण्याला साखर आयुक्तांच्या दारात बसतात ते यामुळे.

सोलापूरची आणखी एक तऱ्हा. महसुलासाठी आपण पुणे विभागात: पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे, वर विभागीय आयुक्त. पण ग्रामीण पोलिसांचं परिक्षेत्र कोल्हापूरचं. आणि उच्च न्यायालयासाठीही आता कोल्हापूर. महसुलाची गाडी पुण्याकडे आणि फौजदारीची कोल्हापूरकडे. तिकीट काढण्याआधी काम कोणतं ते ठरवा.

पायरी सहावी: सोलापुरातली दारं

जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर कधीही जा, कोणी ना कोणी मांडव टाकून उपोषणाला बसलेलं असतं. अंगणवाडी सेविका, विडी कामगार, एखाद्या गावची पाण्याची मागणी. नवीन माणसाने तिथे अर्धा तास उभं राहून फलक वाचावेत, कोणता प्रश्न कोणाच्या दारात जातो ते आपोआप कळतं.

जिल्हाधिकारी म्हणजे महसूल खात्याचे जिल्ह्यातले प्रमुख. त्याबरोबर जिल्हादंडाधिकारी, जिल्हा निवडणूक अधिकारी, आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख आणि जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. जिल्ह्याचा विकासनिधी कुठे जायचा ते या समितीत ठरतं, म्हणून तिच्या बैठकीची बातमी कंटाळवाणी असली तरी वाचावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या खाली प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. त्यांच्या खाली तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि गावचा तलाठी. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. नावं इतकी जवळ आणली आहेत की गावात अजूनही जुनीच चालतात, आणि बरंच आहे. सातबारा तलाठ्याकडे, जन्माचा दाखला आणि घरपट्टी ग्रामसेवकाकडे. पहिल्याचा साहेब तहसीलदार, दुसऱ्याचा गटविकास अधिकारी. पहिली साखळी महसूल खात्याची, दुसरी जिल्हा परिषदेची, आणि त्या साखळीच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि ग्रामविकास विभाग.

एक सूचना: उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर, दोन्ही तालुक्यांची तहसील कार्यालयं शहरातच आहेत. रिक्षावाल्याला नुसतं "तहसील" सांगू नका.

महापालिका १९६४ साली, १ मे रोजी स्थापन झाली. मुख्यालय इंद्रभुवनच्या देखण्या इमारतीत. इथे दोन डोकी असतात: लोकांनी निवडलेले नगरसेवक आणि त्यांचे महापौर, आणि सरकारने पाठवलेले आयुक्त. ठराव पहिल्यांचा, अंमल दुसऱ्यांचा. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं आयुक्तच प्रशासक होते, तेव्हा दोन्ही डोकी एका धडावर आली. गल्लीतला दिवा बंद पडला तर नगरसेवकाला सांगायचं ही सवय असलेल्यांना त्या काळात जायचं कुठे तेच कळेना. महापालिकेच्या वर मंत्रालयातला नगरविकास विभाग; जिल्हाधिकारी आयुक्तांचे साहेब नव्हेत. पाणी चार-चार दिवसांनी आलं म्हणून कलेक्टर कचेरीत घागरी आणणारे मोर्चे मी पाहिले आहेत. उजनीतून किती पाणी सोडायचं हा जलसंपदा विभागाचा विषय, ते तुमच्या नळाला कधी येणार हा महापालिकेचा. घागर न्यायची तर इंद्रभुवनला न्या.

पोलीस दोन तऱ्हेचे. शहरात पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्यात सोलापूर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. दोघांचाही साहेब गृह विभाग. हद्दीवर अपघात झाला तर कोणत्या ठाण्याचा, यावर वाद होतो; अशा वेळी जवळच्या ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवायचा असतो. हे ठासून सांगा.

आता एक प्रकरण जवळून बघू. ते यात्रेच्या सुट्टीवालं जोडपं दोन वर्षांनी हद्दवाढ भागात प्लॉट घ्यायला निघालं. १९९२ साली आजूबाजूची गावं शहरात घेतली, तो हा भाग. एका प्लॉटसाठी त्यांना किती दारं लागली पाहा. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे. त्याचा पुरावा म्हणजे सूची दोन. मग सातबाऱ्यावर नाव लागायला फेरफार: तलाठी नोंद घेतो, मंडळ अधिकारी मंजूर करतो. मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडे. ही तिन्ही दारं वेगवेगळी, तिघांचे पुण्यातले वरिष्ठही वेगळे, पण सगळ्यात वर महसूल मंत्री एकच. बांधकामाचा नकाशा, नळजोड आणि घरपट्टी मात्र महापालिकेची, म्हणजे नगरविकासची. वीज महावितरणची.

या दोघांचा फेरफार अडला. विकणाऱ्याच्या चुलतभावाने हरकत घेतली. मुलगा तडक पोलिस ठाण्यात गेला. तिथून त्याला परत पाठवलं, आणि बरोबरच केलं. वादग्रस्त नोंदीचा निर्णय महसुली अधिकारीच देतात. त्यावर प्रांतांकडे अपील, साठ दिवसांच्या आत. तिथून अपर जिल्हाधिकारी, पुढे पुण्याला विभागीय आयुक्तालय, आणि शेवटी मंत्रालयात महसूल मंत्र्यांसमोर. होय, मंत्री खुर्चीत बसून वकिलांचे युक्तिवाद ऐकतात. याला अर्धन्यायिक काम म्हणतात, आणि नवीन माणूस नेमका इथे चकतो: तहसीलदारासमोर वकील उभा आहे, शिपाई पुकारा करतोय, तारीख पडतेय, म्हणजे हे कोर्टच. नव्हे. तहसीलदाराची बदली सरकार करतं, न्यायाधीशाची करत नाही.

पायरी सातवी: खरं कोर्ट

फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती नोंद सरकारने सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी. मालकी कोणाची हे दिवाणी न्यायालयच ठरवतं. त्या जोडप्याला हे सांगितलं तेव्हा त्या मुलीचा चेहरा पडला, पण आधी कळलं ते बरं.

जिल्ह्यात न्यायमंडळाचे प्रमुख प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश. दिवाणी काम करताना जिल्हा न्यायाधीश, फौजदारी करताना सत्र न्यायाधीश, माणूस तोच. त्यांच्या खाली वरिष्ठ आणि कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश आणि न्यायदंडाधिकारी. यांच्या बदल्या, सुट्ट्या, शिस्त सगळं उच्च न्यायालयाच्या हातात. जिल्हाधिकाऱ्यांच्या नाही, मुख्यमंत्र्यांच्याही नाही. आमदाराच्या पत्राचा इथे उपयोग शून्य. उलट नुकसान व्हायचं. सरकारलाही इथे वकील लागतो: जिल्ह्यात जिल्हा सरकारी वकील, राज्यासाठी महाधिवक्ता.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ सालचं. इतकी वर्षं सोलापूरच्या पक्षकाराला रात्रीच्या रेल्वेने मुंबई गाठावी लागायची. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं: कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. वकील अजूनही सवयीने "मुंबईला अपील करू" म्हणतात. तुम्ही विचारा, "कोल्हापूरला नाही का?"

जाता जाता: ही सगळी दारं आतून पाहिलेला एक माणूस सोलापूरचाच आहे. सुशीलकुमार शिंदे यांनी सोलापूरच्या न्यायालयात खालच्या पदावर नोकरी केली, मग ते पोलीस उपनिरीक्षक झाले, १९७४ साली करमाळ्यातून आमदार, २००३ साली मुख्यमंत्री, आणि पुढे आंध्र प्रदेशचे राज्यपाल. राजकारण कोणाला पटो न पटो, तिन्ही अंगांच्या खुर्च्या इतक्या जवळून पाहिलेला माणूस विरळाच.

पायरी आठवी: अडलं तर

अर्ज एकाच अधिकाऱ्याच्या नावे करा. 'प्रति' म्हणून मुख्यमंत्री, पालकमंत्री, आयुक्त, जिल्हाधिकारी आणि तहसीलदार असे पाच जण एका ओळीत घातले की प्रत्येक कार्यालय समजतं, बाकीचे चौघे बघतील. माझ्याच आईच्या निवृत्तिवेतनाचा कागद मी भावनेच्या भरात असा पाच जणांना पाठवला होता. सात महिने तो एका कार्यालयातून दुसऱ्यात 'उचित कार्यवाहीस्तव' फिरत राहिला, आणि मी स्वतः त्याच यंत्रणेत नोकरीला!

दाखला, उतारा, परवाना यांसारख्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. कार्यालयात बोर्ड असतो: सेवा कोणती, किती दिवसांत, अधिकारी कोण, अपील कोणाकडे. मुदत टळली तर तीस दिवसांत पहिलं अपील. फाईल कुठे अडली ते बघायचं असेल तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस, मग त्याच कार्यालयात पहिलं अपील, पुढे राज्य माहिती आयोगाचं पुणे खंडपीठ. गाऱ्हाणं समोरासमोर मांडायचं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो. अर्ज मात्र पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि कोर्टात चालू असलेला किंवा अपिलात असलेला विषय तिथे घेत नाहीत. त्या जोडप्याचा विषय म्हणूनच तिथे बसला नाही. ते प्रांतांकडे अपिलात गेले.

कुठेही कागद दिलात तरी आवक-जावकच्या टेबलावर थांबा. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "उद्या या, शिक्केवाली बाई रजेवर आहे" म्हणाले तर उद्या या, पण प्रत तोवर त्यांच्या हातात देऊ नका. त्या मुलीने अपील दाखल केलं त्या दिवशी दुपारी मला फोटो पाठवला. शिक्का वाकडा पडला होता, अर्धा मजकुरावर आणि अर्धा समासात, पण आवक क्रमांक स्पष्ट दिसत होता.